‘मला शिकवायचंय’ : एका पदव्युत्तर परिचारिकेच्या निवडीचं प्रकरण

प्रवेश अर्जाच्या शेवटच्या पानावर एक प्रश्न असतो : ‘पदव्युत्तर शिक्षणानंतर कोणत्या क्षेत्रात काम करण्याची इच्छा आहे?’ खाली चार रकाने. अध्यापन, प्रशासन, रुग्णसेवा, संशोधन. एकावर बरोबरची खूण करायची. या प्रकरणातल्या परिचारिकेने हा प्रश्न दोन वर्षांत तीनदा सोडवला आणि तिन्ही वेळा खूण वेगळ्या रकान्यात केली. पहिल्यांदा अध्यापन, मग प्रशासन, शेवटी रुग्णसेवा. प्रत्येक वेळी ती खरंच बोलत होती. तरीही तिन्ही उत्तरांनी आमची दिशाभूल केली. ती कशी, त्याचीच ही नोंद.

मी तिची प्रबंधाची मार्गदर्शक होते. तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत किंवा बदलले आहेत, म्हणून तिला इथे नाव नाही.

ती आली तेव्हा

वय 34. नऊ वर्षांची नोकरी, त्यातली शेवटची सहा अतिदक्षता विभागात. घरी सहा वर्षांची मुलगी. पहिल्या भेटीत मी नेहमीचा प्रश्न विचारला : एवढा अनुभव असताना परत वर्गात का बसायचं? उत्तर तयार होतं. ‘मॅडम, मला शिकवायचंय.’ मी ते वहीत लिहून घेतलं आणि प्रबंधाच्या विषयाकडे वळले. माझी पहिली चूक इथे झाली. उत्तर ऐकलं, पण ते कुणाला दिलं जातंय हे ध्यानात घेतलं नाही. समोर जन्मभर शिकवत आलेली बाई बसली असेल, तर ‘शिकवायचंय’ हे सगळ्यात बिनधोक उत्तर असतं.

तिच्यापुढे नोकरीत कोणती शिडी होती, हे आधी सांगायला हवं. स्टाफ नर्स, मग इन्चार्ज सिस्टर, मग सुपरवायझर, मग मेट्रन. नावं जागोजागी बदलतात, पायऱ्यांचा क्रम साधारण हाच. एक एक पायरी चढताना रुग्णाचा बेड एक एक पायरी लांब जातो. इन्चार्ज सिस्टरची सकाळ ड्युटी लिस्ट, रजेचे अर्ज, औषधांचा इंडेंट (मागणीपत्र), बंद पडलेल्या सक्शन मशीनची तक्रार आणि न आलेल्या चादरींचा हिशेब यात जाते. ज्या कौशल्यासाठी तिला वर घेतलं, ते वर गेल्यावर वापरायला मिळत नाही. ते कौशल्य ज्यांना सोडवत नाही, त्या स्टाफ नर्सच राहतात आणि दहाव्या वर्षीही पहिल्या वर्षासारखीच फिरती ड्युटी करतात. पदव्युत्तर शिक्षणाला येणाऱ्या अनेकींना या दोन्ही गोष्टी नको असतात. तिलाही नको होत्या. पण ‘काय नको’ यासाठी अर्जात रकाना नव्हता.

पहिलं वर्ष

पहिल्या सहामाहीत ती खचली. अतिदक्षता विभागात डॉक्टर जिचं मत विचारायचे, ती इथे संख्याशास्त्राच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसायची. परिचारिका अननुभवी ते निष्णात अशा पाच टप्प्यांतून जाते, अशी मांडणी पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 मध्ये केली. आमच्या अभ्यासक्रमात ती हमखास येते, परीक्षेत पाच टप्पे लिहून मोकळं होता येतं. त्या मांडणीतला एक भाग मात्र घाईत निसटतो. निष्णातपण माणसाला कायमचं चिकटत नाही. जागा बदलली, रुग्णांचा प्रकार बदलला, की तीच परिचारिका पुन्हा खालच्या टप्प्यावर येऊ शकते. तिने हा धडा पाठ केला होता आणि त्याच आठवड्यात माझ्याकडे येऊन म्हणाली, ‘मॅडम, मला काहीच येत नाही असं वाटतंय.’ ती आपल्याच अभ्यासाबद्दल बोलते आहे, हे दोघींच्याही लक्षात यायला वेळ लागला.

मग अध्यापनाचा सराव आला. पदवीच्या मुलींना व्हेंटिलेटरच्या मोडवर, म्हणजे मशीन श्वास देतं त्या निरनिराळ्या पद्धतींवर, पंचेचाळीस मिनिटांचा पाठ द्यायचा होता. स्लाइड नेटक्या होत्या, माहिती अचूक होती. पाठ विसाव्या मिनिटाला संपला. उरलेला वेळ ‘काही शंका?’ असं विचारण्यात गेला. शंका कुणालाच नव्हती, कारण कुणाला काही कळलंच नव्हतं. निरीक्षणाच्या फॉर्मवर मी गुण दिले, ते फार नव्हते.

पुढच्याच आठवड्यात त्याच मुली तिच्याबरोबर अतिदक्षता विभागात होत्या आणि मी दुसऱ्या कामासाठी तिथे गेले होते. एका रुग्णाच्या व्हेंटिलेटरचा हाय प्रेशर अलार्म वाजला. जवळच्या मुलीचा हात अलार्म बंद करायच्या बटणाकडे गेला. तिने तो हात हलकेच धरला आणि म्हणाली, ‘मशीन नंतर. आधी माणूस बघ.’ मग क्रमाने : छाती दोन्ही बाजूंनी सारखी वर येते आहे का? घशातली ट्यूब दाताशी कितव्या खुणेवर आहे, सकाळी कितव्या खुणेवर होती? तो ट्यूब चावतोय का? नळी कुठे मुडपली आहे का, तिच्यात पाणी साठलंय का? स्टेथोस्कोप लाव, दोन्हीकडे हवा जाते का ऐक, घरघर ऐकू येते का सांग. त्या मुलीने ऐकलं, सक्शन करून साठलेला कफ काढला, दाब उतरला. सगळं मिळून तीन मिनिटं. त्यावरची चर्चा मात्र तासभर चालली आणि त्यात सगळे मोड येऊन गेले. वर्गात वीस मिनिटांत संपलेला विषय तो हाच.

मी त्याचा अर्थ असा लावला की ती शिक्षिका म्हणून घडते आहे. हाही अर्धाच अर्थ होता.

दुसरी खूण

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला प्रशासनाची पोस्टिंग झाली. तिच्याच जुन्या रुग्णालयात, मेट्रनच्या कार्यालयात. याच सुमारास तिच्या विभागातल्या इन्चार्ज सिस्टर नोकरी सोडून गेल्या होत्या आणि जुन्या मैत्रिणी एकेका ड्युटीला दुपटीने रुग्ण सांभाळत होत्या. तिने कार्यालयात बसून तीन महिन्यांच्या ड्युटी लिस्ट काढल्या, आजारपणाच्या रजा शेजारी मांडल्या आणि ज्या आठवड्यांत एकेकीकडे जास्त रुग्ण होते त्यांच्या लगेच पुढच्या आठवड्यांत रजा कशा वाढतात, हे दाखवणारा तक्ता केला. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवसांत ती चिडलेली असायची. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा 2014 चा शोधनिबंध तिने प्रबंधासाठी वाचला होता आणि सापडेल त्याला ऐकवत होती. युरोपातले 9 देश, 300 रुग्णालयं, शस्त्रक्रिया झालेले 4 लाख 22 हजारांहून अधिक रुग्ण. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की 30 दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली आढळली आणि पदवीधर परिचारिकांचं प्रमाण 10 टक्क्यांनी वाढलं तर ती 7 टक्क्यांनी घटलेली. (हा अभ्यास पदवीबद्दल आहे, पदव्युत्तर शिक्षणाबद्दल नाही, आणि त्यातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. हे मी तिला दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा तिने ‘हो मॅडम’ म्हटलं आणि पुन्हा तसंच ऐकवलं.) तिचा मुद्दा सरळ होता : शिकलेली परिचारिका बेडपाशी असण्याने एवढा फरक पडत असेल, तर जास्त शिकली की तिला बेडपासून उठवायचं, हा कुठला हिशेब?

याच महिन्यात तिच्या बॅचमधल्या एका ब्रदरने (पुरुष परिचारकाने) प्रबंधासाठी प्रश्नावली वाटली. विषय : पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या परिचारिकांची करिअरची पसंती. तिने ‘प्रशासन’ या रकान्यात खूण केली. त्या आठवड्यात दुसरं उत्तर शक्यच नव्हतं. तिला ड्युटी लिस्ट ज्याच्या हातात असते, ते पद हवं होतं.

या प्रश्नावल्यांबद्दल थोडं बोलते. असे अभ्यास पुष्कळ होतात, कारण ते सोपे आहेत. बॅच हाताशी असते, प्रश्न तयार असतात, टक्केवारी काढता येते. बऱ्याच ठिकाणी निष्कर्षही ओळखीचे येतात : अतिदक्षता आणि बालरुग्ण विभाग वर, वृद्धांची शुश्रूषा आणि मानसिक आरोग्य खाली. त्याला माझा आक्षेप नाही. आक्षेप असा आहे की एकाच दिवशी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ‘पसंती’ म्हणून छापलं जातं. प्रश्नावली वर्गात वाटली, शेजारी शिक्षक उभे, भरायला दहा मिनिटं. त्यातून त्या दिवसाचा राग, त्या महिन्याची पोस्टिंग आणि समोर उभं असलेलं माणूस मोजलं जातं. त्या ब्रदरच्या प्रबंधात ती ‘प्रशासनाकडे कल असलेली’ म्हणून कायमची नोंदली गेली आहे. वर्षभर आधी विचारलं असतं तर ती अध्यापनाच्या टक्क्यांत मोजली गेली असती.

जोड्यांचा कागद

दोन वेगळ्या खुणा पाहिल्यावर मी तिला पुन्हा ‘नक्की काय करायचंय?’ असं विचारलं नाही. एका दुपारी दहा जोड्या लिहून काढल्या. प्रत्येक जोडीत दोन नोकऱ्या, दोन्ही थोड्या थोड्या वेगळ्या. दोन्हींतली एक निवडायचीच, ‘दोन्ही नको’ हे उत्तर चालणार नाही.

युक्ती माझी नाही. आरोग्यसेवकांना कोणत्या अटींवर दुर्गम भागात काम करावंसं वाटेल हे शोधण्यासाठी ही पद्धत वापरतात आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2012 मध्ये तिची मार्गदर्शिकाही काढली. पाठीमागचा विचार असा, की माणसाला ‘काय महत्त्वाचं?’ विचारलं तर तो सगळंच महत्त्वाचं म्हणतो. एक मिळवायला दुसरं सोडावं लागलं की खरी किंमत कळते. मूळ पद्धतीत शेकडो लोक असतात, जोड्या नेमक्या आखलेल्या असतात, मग गणित असतं. एका माणसावर केलेल्या दहा जोड्यांचं गणित होत नाही. तो फक्त बोलण्याचा एक बरा मार्ग होतो. मला तेवढंच हवं होतं.

पहिली जोडी. एकीकडे कॉलेजात अध्यापन, दिवसाची ड्युटी. दुसरीकडे अतिदक्षता विभाग, फिरती ड्युटी, पगार थोडा जास्त. तिने कॉलेज निवडलं, विचार न करता.

दुसऱ्या आणि तिसऱ्या जोडीत पगार आणखी वाढवला. कॉलेजच.

चौथ्या जोडीत मी एकच गोष्ट बदलली. दोन्हीकडे दिवसाची ड्युटी, पगार सारखा. एकीकडे कॉलेज, दुसरीकडे अतिदक्षता विभाग. तिचं बोट अतिदक्षतेवर गेलं, तेही तितक्याच पटकन. मग ती थांबली. कागद स्वतःकडे ओढून पुन्हा वाचला. ‘म्हणजे मला शिकवायचं नव्हतंच का?’

मी म्हटलं, पुढे बघू.

पाचव्या-सहाव्या जोडीत प्रशासन आणलं. ड्युटी सारखी ठेवली की इन्चार्जचं पद दर वेळी मागे पडत होतं. त्या पदाला ‘स्टाफिंगचा निर्णय तुझा’ एवढी ओळ जोडली की ते पुढे येत होतं. म्हणजे ओढ पदाची नव्हती, त्या एका ओळीची होती.

इथपर्यंत मला वाटलं की उत्तर हाती आलं : तिला रात्रपाळी नको आहे, बाकी सगळं त्या भोवतीचं. हे समजण्यासारखं होतं. रात्रपाळीच्या कामाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवलं आहे. रात्र टाळू पाहणाऱ्या परिचारिकेला कामचुकार म्हणणाऱ्यांनी एवढं तरी माहीत करून घ्यावं. पण सातव्या जोडीने माझं हे उत्तरही मोडलं.

सातवी जोडी मी सहज लिहिली होती. दोन्हीकडे अतिदक्षता. एकीकडे दिवसाची ड्युटी, पण कामाची पद्धत ठरवण्यात काही अधिकार नाही. दुसरीकडे महिन्याला चार नाईट, त्या महिना आधी ठरलेल्या, आणि रुग्णाला व्हेंटिलेटरवरून उतरवण्याच्या ठरलेल्या प्रोटोकॉलमध्ये पुढचं पाऊल कधी टाकायचं, हा निर्णय तिचा. ती बराच वेळ गप्प होती. मग नाईट असलेली नोकरी निवडली.

‘अगं, यात नाईट आहे,’ मी म्हटलं.

‘हो, पण आधी माहीत आहे ना मॅडम. आमच्याकडे सोमवारची ड्युटी शनिवारी संध्याकाळी कळायची. मुलीला शाळेतून कोण आणणार, हे मला कधी शुक्रवारी सांगता आलं नाही. रात्रीचा त्रास नव्हता इतका. कधी आहे तेच माहीत नसायचं, त्याचा होता.’

नऊ वर्षांची नोकरी सोडून ती कॉलेजात आली, त्याच्या मुळाशी शनिवारी संध्याकाळी लागणारा एक कागद होता. हे तिलाही त्या दुपारपर्यंत शब्दांत सांगता आलं नव्हतं. वेळापत्रक ठरलेलं असतं म्हणून तिला कॉलेज हवं होतं. ड्युटी लिस्ट हातात येते म्हणून प्रशासन हवं होतं. आणि ज्या कामासाठी ती सकाळी आपणहून उठली असती, ते तिने सोडून आलेल्या खोलीतच होतं.

एडगर शाइन यांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या व्यवस्थापन शाखेतून बाहेर पडलेल्या 44 जणांचा दहा-बारा वर्षांनंतर मागोवा घेतला आणि ‘करिअरचा नांगर’ ही कल्पना मांडली. नांगर म्हणजे जहाजाचा : सोडायची पाळी आली तरी माणूस जे सोडत नाही, ते. काहींचा नांगर माणसं आणि कारभार सांभाळण्यात असतो, काहींचा एखाद्या कामातल्या कसबात. कसबवाल्याला बढती म्हणून व्यवस्थापक केलं तर त्याला ती शिक्षा वाटू शकते. तिच्या बाबतीत कसब आणि त्यावरचा स्वतःचा अधिकार, हे दोन्ही एकाच दोरीला बांधलेले होते. रुग्णालयातली शिडी मात्र यातली एकच गोष्ट देऊ करते आणि तीही दुसरी काढून घेऊन.

तिसरी खूण आणि नसलेलं पद

अभ्यासक्रम संपताना भरायच्या फॉर्मवर तिने ‘रुग्णसेवा’ या रकान्यात खूण केली. पंचाईत अशी, की त्या रकान्यात पदव्युत्तर परिचारिकेसाठी पदच नव्हतं. जुन्या रुग्णालयाने सांगितलं, ‘ये परत, स्टाफ म्हणून, पुढचं पुढे बघू.’ पदवी तिच्या नावापुढे लागली असती. कामात आणि पगारात काही बदललं नसतं.

असं पद कुठेच नाही असं मात्र नाही. हिल्डेगार्ड पेप्लाव यांनी 1954 मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात मानसोपचार शुश्रूषेतल्या तज्ज्ञ परिचारिकांसाठी पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला, तो रुग्णांपासून दूर नेण्यासाठी नव्हता. 1965 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी नर्स प्रॅक्टिशनरचं, म्हणजे रुग्णाची तपासणी आणि उपचारही करणाऱ्या परिचारिकेचं, शिक्षण चालू केलं. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट (एखाद्या शाखेतली तज्ज्ञ परिचारिका) आणि नर्स प्रॅक्टिशनर या दोन भूमिकांची नीट फोड केलेली आहे आणि दोन्हींसाठी किमान पात्रता पदव्युत्तर पदवी ठेवली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या अहवालात माहिती देणाऱ्या देशांपैकी 53 टक्क्यांनी अशा प्रगत भूमिका असल्याचं कळवलं होतं. 2025 च्या अहवालात ते प्रमाण 62 टक्के झालं. पण एखाद्या देशात भूमिका असणं आणि तुमच्या रुग्णालयाच्या आस्थापनेवर त्या नावाची जागा मंजूर असणं, यात फार अंतर आहे.

म्हणून ‘पसंती’ हा शब्द मला जरा खोटा वाटू लागला आहे. उघड्या असलेल्या दारांतून कोणतं दार घेतलं, ते आपण मोजतो. जे दार भिंतीत बसवलेलंच नाही, त्याच्यापुढे रांग किती लांब लागली असती, हे कोणत्याही टक्केवारीत येत नाही.

तीन जागा आणि चौथा कागद

तिच्यापुढे तीन जागा होत्या. एका कॉलेजात अध्यापन. एका रुग्णालयात इन्चार्जचं पद. आणि जुन्या विभागात ‘पुढचं पुढे बघू’. बॅचमधल्या बहुतेकांनी अशा वेळी पगार विचारला. तिने तिन्हीकडे एकच प्रश्न विचारला : ‘ड्युटी लिस्ट किती दिवस आधी लागते?’ इन्चार्जच्या मुलाखतीत समोरचे हसले म्हणे. ‘ती तर तुम्हीच लावणार.’ स्टाफ पुरेसा देणार का, असं तिने पुढे विचारलं, तेव्हा हसू थांबलं. ती जागा तिथेच गळाली.

मग तिने एका पानाचा प्रस्ताव लिहिला. नेमणूक कॉलेजात. आठवड्यातले तीन दिवस वर्ग, दोन दिवस अतिदक्षता विभाग. तिथे काम दोन तऱ्हेचं : नव्या परिचारिकांना बेडपाशी शिकवणं आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचा रोजचा आढावा. याला संयुक्त नेमणूक म्हणतात आणि त्यामागे जुनी परंपरा आहे. लोरेटा फोर्ड 1972 मध्ये रॉचेस्टर विद्यापीठाच्या नर्सिंग स्कूलच्या डीन झाल्या आणि शिक्षण, रुग्णसेवा व संशोधन एकत्र ठेवणारी रचना त्यांनी तिथे उभी केली. मी ते तिला सांगितलं, तिने ते प्रस्तावात घातलं. खरं तर त्या ओळीने काही झालं नसावं. काम केलं ते तिने मेट्रनच्या कार्यालयात केलेल्या तक्त्याने. रजांचे आकडे त्यांच्याच रुग्णालयाचे होते.

कॉलेजने होकार दिला, लेखी. रुग्णालयानेही दिला, पण पद न देता. पगार पूर्ण कॉलेजकडून. विभागाच्या हजेरी वहीत तिचं नाव शेवटी, वेगळ्या शाईने, ‘पाहुण्या’. प्रोटोकॉलमधला अधिकार मिळाला नाही. ती आढावा घेईल, सुचवेल, निर्णय डॉक्टर करतील. मी तिला म्हटलं, हे अर्धवट आहे, आणखी ताणून बघ. ती म्हणाली, ‘दोन दिवस आत तर जाऊ दे मला.’ तिचं बरोबर होतं की माझं, ते मी अजून ठरवू शकलेले नाही.

आठ महिन्यांनंतर

पहिले दोन महिने वाईट गेले. जुन्या मैत्रिणींना ती तपासणीला आल्यासारखी वाटायची. हँडओव्हरच्या वेळी ती आली की बोलणं थांबायचं. एकीने तोंडावर सांगितलं, ‘तुला बरं आहे, पाचला घरी.’ वर्गातही ती सराईत झालेली नाही. लेक्चर आता तीस मिनिटं चालतं. मुलींची खरी शिकवणी बुधवार-गुरुवारी विभागात होते.

बदल झाला तो नव्या मुलींमुळे. मार्लीन क्रेमर यांनी 1974 मध्ये नव्याने कामावर येणाऱ्या परिचारिकांच्या धक्क्याला ‘रिअॅलिटी शॉक’ असं नाव दिलं. शिकताना जे काम मनात बसलेलं असतं ते आणि विभागातलं प्रत्यक्ष काम यात अंतर पडतं, त्याचा हा धक्का. नव्या इन्चार्ज सिस्टरना या मुलींना शिकवायला वेळ नव्हता आणि हिच्याकडे दोन दिवस होते. दोघींनी मिळून नव्या मुलींची यादी केली. तिसऱ्या महिन्यात तिने स्वतः होऊन पंधरवड्यातून एक नाईट मागून घेतली. कारण विचारलं तर म्हणाली, ‘नव्या मुलींना दिवसा भीती वाटतच नाही हो मॅडम. रात्री तीनला वाटते. तेव्हा कुणी शिकवायला नसतं.’ ती नाईट महिनाभर आधी ठरते. मुलीला शाळेतून कोण आणणार, हेही.

प्रोटोकॉलचं प्रकरण अडलेलंच आहे. तिच्या आढाव्यात ‘आज प्रयत्न करून पाहावा’ असं लिहिलेलं असतं. काही डॉक्टर वाचतात, काही पान उलटतात. रुग्णालयात पद निर्माण करण्याचा प्रस्ताव तिने पुन्हा दिला आहे. तो कोणत्या टेबलावर आहे, हे दर आठवड्याला विचारायचं कामही तिचंच.

या नोंदीची मर्यादा

हे एकीचंच प्रकरण आहे. तिच्या बॅचमध्ये खरोखर शिकवायचंच होतं अशाही होत्या. पहिल्या दिवशी ‘प्रशासन’ लिहून शेवटपर्यंत तिथेच राहिलेला एक ब्रदर होता, आणि तो चांगला प्रशासक होईल. जोड्यांचा कागद त्याच्यासमोर ठेवला, तेव्हा दहाही उत्तरं एकाच बाजूची आली. तेव्हा पहिलं उत्तर नेहमी खोटंच असतं, असं मला म्हणायचं नाही.

दुसरी मर्यादा मी स्वतः. गुण माझ्या हातात होते. जोड्या मीच लिहिल्या आणि सातवी जोडी लिहिताना मला काय ऐकायचं होतं, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. तिला हे लिखाण वाचायला दिलं, तेव्हा तिने एकच दुरुस्ती केली. मी ‘शनिवारी दुपारी’ लिहिलं होतं. तिने खोडून ‘संध्याकाळी’ केलं.

यंदाच्या प्रवेश अर्जाचा मसुदा करताना मी ते चार रकाने काढून टाकले. त्या जागी दोन प्रश्न घातले : ‘आधीच्या नोकरीतली कोणती गोष्ट बदलली असती तर तुम्ही इथे आला नसता?’ आणि ‘कोणती गोष्ट काढून घेतली तर तुम्ही हे काम सोडाल?’ खाली मोकळ्या ओळी. मसुदा कार्यालयातून परत आला आहे. शेरा असा : ‘रकाने नसल्याने संगणकात माहिती भरता येत नाही. कृपया पर्याय द्यावेत.’